दुपारी दोनची घंटी

१

केवळाबाई सोमवारी दुपारी पुरात गेली, तेव्हा तिच्या डोक्यावर लख्ख ऊन होतं.

झरीच्या पुढच्या त्या वाडीत तीन दिवस झाले तरी कुणाच्या घशाखाली नीट घास उतरत नव्हता, तो यामुळंच. पाऊस झाला होता वर, जिंतूरकडच्या डोंगरात. खाली नदीचं पात्र मोकळं, मधून गुडघाभर धार, कडेनं हिरवा चारा. केवळाबाई मेंढरं घेऊन पात्रात उतरली होती. दोन वाजून वीस मिनिटांनी पाणी आलं. ती बाहेर निघालीसुद्धा होती. दोन कोकरं मागं राहिली म्हणून वळली.

असं होऊ नये म्हणूनच तर एका संस्थेनं सगळी सोय केली होती. वरच्या अंगाला, पुलाखाली, पाणी मोजायची पेटी बसवलेली. मोबाइलला तिथं रेंज नाही, म्हणून ती पेटी जुन्या टेलिफोनच्या तारेवरून परभणीच्या ऑफिसात दर तासाला फोन लावायची आणि पाण्याची उंची कळवायची. पाणी खुणेच्या वर गेलं तर तासाचीही वाट बघायची नाही, लागेपर्यंत लावत राहायची. परभणीतला कॉम्प्युटर मोडेम नावाच्या यंत्रातून फोन उचलायचा आणि वाडीच्या शाळेवरचा भोंगा वाजवायचा. पुलापासून वाडीपर्यंत यायला पाण्याला अर्धा तास लागतो. अर्ध्या तासात माणूस मेंढरं काढून घरी जाऊन चहा पितो.

सोमवारी भोंगा वाजला नाही.

बुधवारी सकाळी परभणीच्या ऑफिसात ही यंत्रणा सांभाळणारी अपेक्षा आपल्या साडेतीन महिन्यांच्या चिमीला खांद्यावर टाकून जिना चढली, तेव्हा व्हरांड्यात एक माणूस भिंतीला टेकून बसलेला होता. डावा डोळा सुजून बंद झालेला. शर्टाचा खिसा फाटलेला. पुलाखालच्या पेटीची राखण करणारा रामप्रसाद. त्याला तिनं आजवर फक्त फोनवर ऐकलं होतं.

"म्याडम," तो उठून उभा राहिला. "माझं एकदा ऐकून घ्या."

आतून सिद्धोधन सरांनी हाक मारली. संस्थेच्या परभणी ऑफिसचे ते प्रमुख. चेहरा दोन दिवसांत उतरून गेलेला.

"मॅडम, पाच वाजेपर्यंत अहवाल पाठवायचाय. तुमचं फक्त तांत्रिक पान राहिलंय. रामप्रसादनं पेटीची वायर काढून मोबाइल चार्जिंगला लावला होता असं वाडीतले लोक सांगायलेत. अहवाल गेला की संस्था त्याच्यावर पोलिसात तक्रार देणार."

"तो काय म्हणतो?"

"तो काय म्हणणार. म्हणतो पेटी फोन लावत होती, पण लाइन बिझी होती." सरांनी टेबलावरचा तक्ता तिच्यापुढं सरकवला. "आपल्याकडं दुसरी पेटी आहे सोनपेठला. तीही याच नंबरवर फोन करते. सोमवारचे आकडे बघा. दीडचा आहे, अडीचचा आहे, साडेतीनचा आहे. झरीचा एकचा आहे, त्यानंतर कोरं. लाइन एक, मोडेम एक. सोनपेठचं सगळं येतं अन् झरीचं येत नाही, तर दोष कुणाचा?"

अपेक्षानं तक्ता पाहिला. खोट काढायला जागा नव्हती.

तिनं चिमीला मनकर्णामावशीच्या हातात दिलं. मनकर्णामावशी ऑफिसची झाडलोट, चहापाणी बघायच्या आणि ऑगस्टपासून चिमीलाही. हाडाचा सापळा, पण लेकरू धरलं की हात कापसासारखे. केवळाबाई त्यांची मावसबहीण. मंगळवारी माती देऊन आल्या आणि बुधवारी लेकराचं कोण बघणार म्हणून हजर झाल्या.

"ताई, त्या मुडद्याशी बोलू नका," मावशी दाराकडं बघत म्हणाल्या. डोळे रडून लाल. "माझ्या अक्काला खाल्लं त्यानं. लेकरावर सावली पडंल त्याची."

अपेक्षा तरीही व्हरांड्यात गेली.

"बिझी होती म्हणता. कशावरून?"

"कानानं ऐकलं की म्याडम. पेटीला बारका भोंगा हाय ना. पावणेदोनला पाणी खुणेला लागलं. आधी टुकटुक टुकटुक, नंबर फिरल्यागत. मंग टूं टूं टूं. थांबली. पुन्हा टुकटुक, पुन्हा टूं टूं टूं. मी सात वेळा मोजलं. मंग टेकाडाकडं पळालो, रेंज घ्यायला. वर पोचलो तवर पेटी पाण्यात गेल्ती, अन् रेंज मिळंस्तवर पाणी वाडीत पोचलं बी होतं." त्यानं बंद डोळ्यावर हात फिरवला. "लेकरं सासुरवाडीला धाडलीत. घराचं दार काढून नेलं लोकांनी. आता तुमीच सांगा, तुमची मशीन कुणाशी बोलायली होती त्या वक्ताला?"

अपेक्षानं खोलीत जाऊन सोमवारची नोंद उघडली. एकच्या फोननंतर साडेतीनपर्यंत मोडेम कुणाशीही बोललेला नव्हता. एकही फोन आलेला नाही, गेलेला नाही.

मोडेम रिकामा होता. मग लाइनवर होतं कोण?

२

संस्थेनं ही यंत्रणा लावली तेव्हा कुणीतरी एक जुना लिनक्सचा कॉम्प्युटर दिला होता. काळा पडदा, पांढरी अक्षरं, माउसही नाही. चालतंय तर हात कशाला लावा, म्हणून तो तसाच राहिला. शेजारी वहीएवढा मोडेम, त्यावर चार बारके दिवे. कॉम्प्युटरमध्ये एक प्रोग्राम रात्रंदिवस टेलिफोनच्या तारेला कान लावून बसायचा. दोन घंट्या झाल्या की उचलायचा, पलीकडं पेटी आहे का बघायचा, आकडे घ्यायचा, ठेवून द्यायचा. ऑफिसात त्याला सगळे दरवान म्हणत.

अपेक्षानं एकेक शंका घेतली.

दरवान मेला होता का? नाही, जिवंत होता. कधीकधी तो कोसळतो, पण मोडेमवर लावलेलं आपलं कुलूप मागं सोडून जातो, मग नव्या दरवानाला आत जाता येत नाही. तसं शिळं कुलूपही नव्हतं. वायर सैल? तिनं ओढून पाहिली. घट्ट होती. मोडेमच्या सूचना बदलल्यात का? एकच बदल सापडला आणि तो तिचाच होता. ऑगस्टमध्ये तिनं मोडेमचा आवाज बंद केला होता. पेटी जोडली गेली की मोडेम कर्कश किंचाळायचा आणि पलीकडच्या स्टोअररूममध्ये झोळीत झोपलेली चिमी दचकून उठायची. एका ओळीचं काम. आवाज बंद झाला म्हणून फोन घ्यायचा थांबत नाही.

मग तिनं साधी परीक्षा घेतली. स्वतःच्या मोबाइलवरून त्या नंबरला फोन लावला.

फोन लागला. भिंतीपलीकडं कुठंतरी, बहुतेक शेजारच्या वकिलाच्या ऑफिसात, कुणाचातरी टेलिफोन दोनदा वाजला. मोडेमचा हिरवा दिवा लुकलुकला आणि तिच्या कानात खरखरीची किंचाळी घुसली. व्यवस्थित. बारा वाजता पुन्हा लावला. पुन्हा व्यवस्थित. वकिलाकडं आज पक्षकार बरे दिसतात, एवढंच तिच्या मनात येऊन गेलं.

रामप्रसाद खोटं बोलत असेल तर प्रश्नच मिटत होता. पण टूं टूं टूं कुणी उगीच रचून सांगत नाही. दोष झाकायचा असता तर तो म्हणाला असता, पेटी बंद पडली. लाइन बिझी होती हे सांगून त्यानं स्वतःलाच अडचणीत टाकलं होतं, कारण ते खोडायला ऑफिसात नोंद होती.

तिनं सोमवारची नोंद पुन्हा वरपासून वाचली. या वेळी एक ओळ डोळ्यात घुसली. तीन वाजून पाच मिनिटं. दरवान बंद केला. त्याच मिनिटाला, दरवान सुरू केला.

हे आपोआप होत नाही. त्यासाठी कुणीतरी या खुर्चीत बसून पासवर्ड टाकावा लागतो. आणि पासवर्ड दोघांकडंच होता. तिच्याकडं, आणि परमेश्वरकडं.

३

परमेश्वर म्हणजे ऑफिसचा तंत्रज्ञ. पेट्या बसवायच्या, बॅटऱ्या बदलायच्या, मोटारसायकलवर जिल्हाभर फिरायचं. माणूस गमत्या, पण आज तोही गप्प होता.

"सोमवारी मशीनला हात लावला होतास का?" अपेक्षानं सरळ विचारलं.

"न्हाई मॅडम. मी कशाला लावू."

तिनं पडद्यावरच्या त्या ओळीवर बोट ठेवलं. परमेश्वरनं ती वाचली आणि मटकन स्टुलावर बसला.

"तीनला झरीचा फोन आला न्हाई," तो खालच्या आवाजात म्हणाला. "मी समोरच्या हॉटेलातून चहा पिऊन आलो तर दिवा लागला न्हाई. म्हणलं दरवान झोपला असंल. बंद-चालू केलं. मला दुसरं काय येतं मॅडम? टीव्ही बिघडला, बंद-चालू. बायको रुसली तर तेवढं जमत न्हाई, न्हाईतर तेही केलं असतं. मंग साडेतीनला वाडीचा फोन आला. केवळाबाई गेली म्हणून. म्हणलं, हे कुणाला सांगायलाच नको. कुणी म्हणंल, ह्यानंच मशीन बिघडवली."

"दोन वाजता कुठं होतास?"

"हॉटेलात. रोज असतो की. जेवण झालं की अर्धा-पाऊण तास."

तीन वाजून पाच मिनिटं म्हणजे पाणी येऊन गेल्यावर पाऊण तास. त्यानं दरवान बंद-चालू केला तेव्हा केवळाबाई केव्हाच वाहून गेली होती. दोष असला तर भित्रेपणाचा होता, जास्त काही नाही. पण परमेश्वर जाता जाता जे बोलला, त्यानं अपेक्षाचं लक्ष भलतीकडं गेलं.

"मला तर साडेतीनला सोनपेठची पेटी लागली तवा हायसं वाटलं. चांगली मिनिटभर बोलत होती."

"मिनिटभर?"

एक आकडा द्यायला पेटीला वीस सेकंद पुरतात.

अपेक्षानं सरांचा तक्ता बाजूला ठेवला. तक्त्यात असायचं ते पाणी मोजल्याची वेळ. पेटी शहाणी होती. फोन लागला नाही तर मोजलेला आकडा जवळ ठेवायची आणि पुढच्या वेळी मागचा-पुढचा सगळा एकदम द्यायची. त्यामुळं तक्ता नेहमी भरलेलाच दिसायचा. आकडा प्रत्यक्ष कधी येऊन पोचला हे फक्त दरवानाच्या नोंदीत होतं आणि ती नोंद वाचायची वेळ आजवर कुणावर आलीच नव्हती.

तिनं सोनपेठच्या सोमवारच्या ओळी काढल्या. दीडचा आकडा साडेतीनला आला. अडीचचा साडेतीनला आला. साडेतीनचा साडेतीनला.

सोनपेठची पेटीही सोमवारी दुपारी परभणीत पोचली नव्हती. सोनपेठ इथून गोदावरीच्या अंगाला, झरीच्या बरोबर उलट्या दिशेला. दोन टोकांच्या दोन पेट्या एकाच वेळी अडतात, तेव्हा दोष पेट्यांत नसतो. रामप्रसादची पेटी हाक मारत होती. दार इकडून बंद होतं.

आणि मग तिनं सोमवारच्या मागच्या दिवसांच्या ओळी काढल्या.

शुक्रवारी झरीचा दोनचा आकडा तीनला आला होता. शनिवारी तेच. त्याच्या आदल्या आठवड्यात तेच. केवळाबाईच्या आधी महिनाभर, दुपारी एक ते तीन, ही लाइन जवळजवळ रोज मेलेली होती.

४

साडेबारा वाजले होते. अपेक्षानं कागदावर तारखा उतरवायला घेतल्या.

दोष सुरू झाला सोळा ऑगस्टला. त्याआधी एकदाही नाही. रविवारी कधीच नाही, आणि रविवारी ऑफिसला कुलूप असतं. म्हणजे हे टेलिफोनच्या तारेचं दुखणं नव्हतं. तार रविवारची सुटी घेत नाही. हे कुणीतरी ऑफिसात येऊन, दुपारच्या ठरावीक वेळेला करत होतं.

मुद्दाम? इथलंच कुणी?

पण मध्ये काही कामाच्या दिवशीही लाइन सुरळीत होती. एकवीस आणि बावीस ऑगस्ट. अठरा आणि एकोणीस सप्टेंबर. आणि काल, मंगळवार. पाच दिवस. त्या पाच दिवसांत कोण ऑफिसला नव्हतं, एवढं कळलं की झालं.

तिनं हजेरीचं रजिस्टर आणलं. परमेश्वर पाचही दिवस हजर होता, म्हणजे तो सुटला. सिद्धोधन सर पाचही दिवस हजर, शिवाय ते दुपारी बैठकीला बाहेर असायचे. मनकर्णामावशी फक्त काल नव्हत्या. मातीला गेल्या होत्या. बाकी चारही दिवशी त्यांची सही होती. अंगठ्यानं नाही, वळणदार अक्षरात सही करायच्या त्या, त्याचा त्यांना अभिमान होता.

पाचही दिवस गैरहजर असं एकच नाव होतं. अपेक्षाचं स्वतःचं.

ती रजिस्टरकडं बघत राहिली. हे कसं शक्य आहे? आपण काय करतो दुपारी? एक वाजता चिमीला पाजायचं, झोळीत टाकायचं, दोन घास खायचे, मग टेबलावर बसून अहवाल टाइप करायचे. मोडेमला हात लावायचा प्रश्नच नाही.

एक वाजता तिनं चिमीला जवळ घेऊन पाजलं, तशा स्टोअररूमच्या दारातून मावशी तिला घ्यायला आल्या. रडवेल्या आवाजात बाहेर ऐकू जाईल असं बोलत होत्या. "फोन केला म्हणतो. लागला न्हाई म्हणतो. अरे, तुझ्या जिवाला काई खंत? अक्का दोन कोकरांसाठी फिरली मागं, अन् तू?" मग चिमीकडं वळून आवाज एकदम मऊ. "चल गं माझी राणी. मावशी दिष्ट काढती, अन् मंग गपगार निजायचं. बघा ताई, पहिल्या आठवड्यात घटकेला उठायची. मीठमोहऱ्या उतरवाय लागले तवापून दोन तास पापणी हालवत न्हाई."

कॉलेजात शिकलेली अपेक्षा या दिष्टीला मनातून हसायची, पण नको म्हणायची हिंमत नव्हती. लेकरू झोपतंय ना. दोन महिन्यांचं बाळ घेऊन कामावर परत आली तेव्हा सरांनी स्पष्ट सांगितलं होतं, कामात खोळंबा झाला तर पुढचा करार अवघड आहे. त्या पहिल्या आठवड्यात रडकुंडीला येऊन तिनं मावशींचा हात धरला होता. "काय वाट्टेल ते करा मावशी, पण दुपारी दोन तास हिला झोपू द्या."

मावशींनी चिमीला नेलं. अपेक्षानं पाण्याच्या बाटलीसाठी पिशवीत हात घातला आणि बोटांना प्लास्टिकचं कव्हर लागलं. चिमीचं लसीचं कार्ड. दर वेळी सोबत ठेवायची सवय.

तिनं ते उघडलं. दहाव्या आठवड्याची सुई, बुधवार, एकवीस ऑगस्ट. चौदाव्या आठवड्याची, बुधवार, अठरा सप्टेंबर. दोन्ही वेळा दुसऱ्या दिवशी ताप आला होता, म्हणून रजा वाढवली होती. आणि काल मावशी नाहीत म्हणून चिमीला आणलंच नव्हतं, स्वतःही आली नव्हती.

तिनं कार्ड त्या कागदाशेजारी ठेवलं. तारखा एकीला एक भिडल्या.

लाइन सुरळीत होती ते दिवस आई घरी असल्याचे नव्हते. ते लेकरू ऑफिसात नसल्याचे होते.

५

दीड वाजून गेला होता. सोनपेठच्या पेटीची वेळ. अपेक्षानं मोडेमच्या दिव्यांवर नजर रोवली. एकही हलला नाही. तिनं मोबाइल काढून तोच नंबर लावला.

टूं टूं टूं.

रामप्रसादनं काढून दाखवला होता अगदी तसा.

समोर मोडेम शांत. दरवान जागा, तारेला कान लावून बसलेला. आणि लाइन बिझी.

सकाळी अकराला याच नंबरला फोन लावला तेव्हा वकिलाकडं टेलिफोन वाजला होता. दोनदा. बाराला लावला तेव्हाही दोनदा. दोन घंट्यांनंतर मोडेम उचलतो. वकिलाचा टेलिफोन दोन्ही वेळा आपल्याच फोनच्या मुहूर्तावर कसा वाजेल?

आणि त्या भिंतीपलीकडं आधी वकिलाचं ऑफिस लागत नाही. आधी लागतं आपलं स्टोअररूम.

ती उठली. मोडेमची वायर भिंतीच्या डबीत जात होती. डबीतून एक करडी तार, कोपऱ्यातून वर, दाराच्या चौकटीवरून पलीकडं. वर्षानुवर्षांच्या चुन्याखाली बुजलेली. तारेबरोबर ती स्टोअररूममध्ये गेली. जुन्या फाइली, मोडक्या खुर्च्या, मधोमध आढ्याच्या कडीला बांधलेली मनकर्णामावशीच्या लुगड्याची झोळी. चिमी झोपलेली. मावशी तिथं नव्हत्या, मागं चहाची भांडी घासायला गेल्या असाव्यात. तार लोखंडी कपाटामागं उतरत होती.

कपाट आणि भिंत यांच्यात वीतभर फट. तिनं गाल कपाटाला टेकवून हात आत घातला, आणि बोटांना मऊ कापड लागलं.

चिमीचं पिवळं दुपटं. रोज दुपारी शोधूनही न सापडणारं आणि संध्याकाळी धुळीच्या वासासकट पिशवीत परत येणारं.

दुपट्यात काहीतरी जड गुंडाळलेलं होतं. तिनं ओढलं. टेलिफोनचा काळा रिसीव्हर. तिनं तो कानाला लावला. आत काहीच नव्हतं. त्याची ओरड केव्हाच दमून थांबलेली.

झोळी संथ हलत होती. अपेक्षा रिसीव्हर हातात धरून तशीच खाली बसली.

"अगं बाई, ताई," दारातून मावशींचा दबका आवाज आला. "ठिवा तो तसाच. उठंल ना लेकरू."

६

"हे रोज काढून ठेवता, मावशी?"

"मंग? त्या डबड्याच्या घंटीनं तर उठायची ती." मावशी पदराला हात पुसत जवळ आल्या. त्यांच्या चेहऱ्यावर लपवाछपवीचा लवलेशही नव्हता. "बिनकामाचा हाय ताई तो. मी दोन-चारदा उचलून ऐकलं की. माणूसच न्हाई त्यात. नुसतं किंचाळतंय, कोंबडं कापल्यागत. म्हणलं बिघडलाय, कुणाला लागतोय. एकला काढायचा, दुपट्यात गुंडाळायचा म्हंजी त्याची टुंईटुंई ऐकू येत न्हाई, अन् तीनला ठिवायचा."

अपेक्षानं रिसीव्हर जागेवर ठेवला, मावशींचा हात धरून त्यांना कॉम्प्युटरसमोर नेलं आणि मोबाइल लावला. भिंतीपलीकडं घंटी वाजली. एकदा, दोनदा. दारापलीकडं चिमी कुरकुरली आणि पुन्हा निजली. हिरवा दिवा लुकलुकला. तिनं मोबाइल मावशींच्या कानाशी धरला.

"हेच किंचाळणं का?"

"हेच."

"ही मशीन आहे मावशी. पेटी हिच्याशी अशीच बोलते. पुलाखालची पेटी. रामप्रसादची."

मावशींनी दिव्याकडं पाहिलं. मग मोबाइलकडं.

"सोमवारी," त्या शेवटी म्हणाल्या, "सोमवारी मी एकला काढला होता."

सिद्धोधन सर आणि परमेश्वर दारात येऊन उभे होते. अपेक्षानं कागद, कार्ड, सोनपेठच्या ओळी, सगळं टेबलावर मांडलं आणि जसं उमगलं तसं सांगितलं. परमेश्वरनं मान खाली घातली.

"मोडेम बसवला तेव्हा जुना टेलिफोन काढायचा होता," सर म्हणाले. "काढला म्हणून कागदावर माझी सही आहे."

"कपाट सरकवायला दुसरा माणूस नव्हता सर त्या दिवशी," परमेश्वर पुटपुटला. "म्हणलं नंतर काढू. मंग ध्यानातून गेलं."

"आणि मोडेमचा आवाज मी बंद केला," अपेक्षा म्हणाली. "तो चालू असता तर दोनला खोली गप्प आहे हे पहिल्याच दिवशी कळलं असतं. मावशींनी दुपट्यानं केलं, मी एका ओळीनं केलं. दोघींनी चिमीसाठीच."

सर खिडकीपाशी गेले. खाली वसमत रोडवर एसटी थांबली, गेली.

"पेटी तर वाहून गेली," ते पाठमोरेच म्हणाले. "पुरावा म्हणून उरलीय ती ही नोंद. ती फक्त तुम्हाला वाचता येते, मॅडम. तुमच्या कराराला दीड महिना राहिलाय."

ते धमकावत नव्हते. त्यांच्या आवाजात भीतीच जास्त होती, आणि ती अपेक्षाला ओळखीची होती. ती रोज तीच भीती पोटाशी धरून जिना चढायची. तिनं दारातून झोळीकडं पाहिलं. एक लहानशी मूठ लुगड्याबाहेर आलेली, उघडी.

उत्तर तिला द्यावंच लागलं नाही. मनकर्णामावशी उठून व्हरांड्यात गेल्या होत्या.

रामप्रसाद त्यांना बघून सावरून बसला. सकाळपासून शिव्याच ऐकत होता, आणखी चार येतील असं त्याला वाटलं असावं. मावशी त्याच्यासमोर फरशीवर बसल्या.

"रामप्रसाद, तुझा फोन मी अडवला रे," त्या म्हणाल्या. "माझ्या ह्या हातानं. मला ठाऊक नव्हतं. पण हात माझाच हाय."

रामप्रसादचा उघडा डोळा त्यांच्यावर खिळला. मग त्यानं आत अपेक्षाकडं पाहिलं, खरं आहे का हे विचारल्यासारखं, आणि तिनं मान हलवली. तो भिंतीला टेकला आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं.

अपेक्षा खुर्चीत बसली. तांत्रिक पानावर तिनं पहिलं वाक्य टाइप केलं: झरीची पेटी सुरू होती आणि रामप्रसाद यांचं म्हणणं खरं आहे. दुसऱ्या वाक्यात स्वतःचं नाव घातलं. तिसऱ्यापाशी ती थांबली, तर सर मागून म्हणाले, "माझंही लिहा. सहीची तारीख टाका." ते परमेश्वरला घेऊन कपाट सरकवायला गेले. तो टेलिफोन आजच निघायला हवा होता.

"अडीचपर्यंत थांबा सर," अपेक्षा म्हणाली. "सोनपेठचा फोन एकदा सगळ्यांसमोर लागू द्या."

तिनं ती एक ओळ खोडली. मोडेमचा आवाज परत सुरू केला.

अपेक्षा आणि मावशी झोळीपाशी येऊन उभ्या राहिल्या. अडीचला कपाटामागं घंटी वाजली. लहान खोलीत ती केवढी मोठी वाटली. झोळीत चिमी दचकली, हातपाय ताणले गेले, तोंड वाकडं झालं. मनकर्णामावशींचा हात सवयीनं कपाटाच्या फटीकडं गेला आणि तिथंच, अधांतरी, थांबला.

दुसरी घंटी.

मग पलीकडच्या खोलीत मोडेम किंचाळला. महिन्याभरानं, पूर्ण गळ्यानं. चिमी जीव तोडून रडायला लागली. पण किंचाळी संपून दारातून दिसणारा हिरवा दिवा स्थिर होईपर्यंत अपेक्षानं लेकराला उचललं नाही. कुणीच उचललं नाही.

रामप्रसाद दारात येऊन उभा होता. मान एका बाजूला कलती करून, पुलाखाली पेटीपाशी उभा राहून ऐकायचा तसा तो ऐकत होता.

"लागला," तो म्हणाला.